स्वस्तातलं रोम

"पैसे नाही लागत हो, हिंमत लागते." पाठीवर सॅक टाकून युरोप बघून आलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मी चहा सांगतो आणि गप्प बसतो. तीन दिवसांत रोम, दोन दिवसांत प्राग, अमुक इतक्या युरोत सगळं आटपलं, हॉस्टेलात झोपलो, ब्रेड-चीज खाल्लं, पायी हिंडलो. आमच्या सिहोऱ्याची पोरं आ वासून ऐकतात, आणि घरी जाताना एवढंच घेऊन जातात की आपल्यात हिंमत कमी आहे. मला या वाक्याचा राग येतो. आज तो जरा सविस्तर काढणार आहे.

द्राक्षं आंबट म्हणून बोलतोय असं कोणी म्हणू नये, म्हणून आधीच सांगतो. मीही रोमला जाऊन आलोय. तीन रात्री, आठ खाटांच्या खोलीत वरची खाट. रोममधला खर्च अगदी प्रामाणिकपणे मांडतो. खाटेचे रात्रीला 38 प्रमाणे 114 युरो, शहराचा मुक्काम-कर दहाएक, कोलोसियमचं तिकीट 18, पॅन्थिऑनचे 5 (हे 2023 च्या जुलैपर्यंत फुकट होतं), विमानतळाची बस येऊन-जाऊन 14, आणि पोटाला दिवसाचे 12. बेरीज दोनशेच्या आत. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर वीस हजार. रोममध्ये तीन दिवस वीस हजारांत! ऐकायला किती गोड वाटतं.

पण त्या वीस हजारांपर्यंत पोचायला काय लागलं ते कोणी सांगत नाही. व्हिसाचे 90 युरो, वर मधल्या कंपनीचं सेवाशुल्क. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहायचं, म्हणजे गावाकडून रेल्वेचं भाडं आणि एक मुक्काम. विमा, तोही किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला. विमानाचं तिकीट. असं सगळं मिळून रोमच्या विमानतळावर पाय ठेवेपर्यंत माझे सत्तर हजारांच्या वर गेले होते. आमच्याकडे हिशेब धानात समजतो, तर तसा सांगतो. साध्या धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे तीस क्विंटल धान. पऱ्हे टाकण्यापासून रोवणी, निंदण, कापणी, चुरणी, आणि मग खरेदी केंद्रावर पोत्यांपाशी बसून काढलेल्या रात्री, हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला "पैसे नाही लागत". हा तीस क्विंटल विकून आलेला आकडा आहे हो, त्यातून बी-खत-मजुरी अजून वजा व्हायची आहे.

आणि पैसे असले तरी तो सॅकवाला बेफिकीरपणा तुमच्या-माझ्या पासपोर्टला परवडत नाही. "ठरवायचं काहीच नाही, वाट फुटेल तिकडे जायचं" हा या प्रवासाचा मोठा मंत्र. आता व्हिसाचा अर्ज बघा. कोणत्या तारखेला कोणत्या गावी, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद, नोकरी असेल तर मालकाचं पत्र की हा सुट्टीवर आहे आणि परत येणार आहे. म्हणजे वाट कुठे फुटणार हे महिनाभर आधी लेखी द्यायचं. ज्याच्या नावावर घर नाही, नोकरी नाही, खात्यात पैसा नाही, अशा बावीस वर्षांच्या पोराने पाठीवर सॅक टाकून निघावं ही तर या प्रकारातली मूळ कल्पना! आणि नेमकं तेच पोरगं त्या खिडकीवर संशयित ठरतं. त्याच वयाचा जर्मन पोरगा रात्रीच्या गाडीत बसतो आणि सकाळी रोमला उतरतो. त्याच्यात हिंमत जास्त आहे असं मला तरी दिसलं नाही. माझ्या खालच्या खाटेवर असाच एक होता. गुणी पोरगा, पण झुरळ दिसल्यावर खाटेवर उभा राहिला होता.

आपल्यातले जे शनिवार-रविवार रोम करून येतात ते बहुतेक नोकरीनिमित्त जर्मनीत किंवा हॉलंडमध्ये राहतात. त्यांच्याकडे तिथला रहिवासाचा परवाना असतो, व्हिसाची भानगड नसते, स्वस्त विमान कंपनीचं तिकीट एखाद्या जेवणाच्या किमतीत मिळतं. त्यांनी खुशाल जावं, मला आनंदच आहे. फक्त गावी आल्यावर पारावर बसून हिंमतीचं प्रवचन देऊ नये.

हे झालं एक. पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाहीच. समजा व्हिसा फुकट झाला, विमान फुकट झालं, तरी ते वाक्य खोटंच राहतं. कारण रोममध्ये मी जो स्वस्तात राहिलो, ती माझी हुशारी नव्हती. ती रोमची होती.

बघा ना. जुलैच्या उन्हात दिवसभर हिंडलो आणि पाण्याची बाटली एकदाच विकत घेतली. कारण त्या शहरात रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, सतत वाहणारे, पिण्याच्या पाण्याचे. तिथली माणसं त्यांना नासोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. 1874 पासून बसवत आणले, आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. तोटीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून धार उडते, वाकायचं काम नाही. हे पाणी मी मिळवलं नाही, दीडशे वर्षं ती नगरपालिका पाजत आलीय. कॅराव्हाजिओची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं एका चर्चमध्ये जागच्या जागी लावलेली आहेत, तिकीट नाही. अंधार असतो, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो. माझ्याकडे सुटं नव्हतं, पण शेजारच्या म्हातारीने नाणं टाकलं आणि तिच्या उजेडात मीही पाहून घेतली! मायकेलअँजेलोचा मोझेसही असाच, एका चर्चच्या कोपऱ्यात, फुकट. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांना मोकळी. बसचं तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं. बसायला चौकाचौकात पायऱ्या, बाकं. यातलं काय मी केलं? मी फक्त चाललो.

(कोलोसियमच्या खिडकीवर मला अठरा युरो आणि युरोपीय संघाच्या अठरा ते पंचवीस वयाच्या पोरांना दोन. चिडलो होतो थोडा. मग आठवलं की अजिंठ्याला आपण भारतीयाला 40 आणि परदेशी माणसाला 600 लावतो. गप्प बसलो.)

आणि ज्या खाटेवर झोपलो ती खाट तरी कोणाची? हॉस्टेल ही कल्पना आज मौजमजेची वाटते, पण ती एका शाळामास्तराच्या डोक्यातून निघालेली आहे. रिचर्ड शिरमान, जर्मनीतल्या आल्टेना या कारखानदारीच्या गावातला मास्तर. धुरात वाढलेली पोरं घेऊन हा माणूस पायी सहली काढायचा. 1909 च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत वादळाने गाठलं, तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. वर्गातली बाकं सारून शेतकऱ्याकडचा पेंढा पसरला आणि पोरं झोपली. मास्तरांना झोप लागली नाही, आणि त्या रात्री त्यांच्या मनात आलं की सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात. दिवसभराच्या चालीवर अशी एकेक शाळा उघडी ठेवली, तर गरिबाचं पोरगंही आपला मुलूख पायी पाहू शकेल. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं, आणि 1932 मध्ये अॅमस्टरडॅमला देशोदेशींच्या हॉस्टेल संस्थांचा संघ.

आपला मुलूख, हे शब्द जरा धरून ठेवा. ही खाट परदेश स्वस्तात पाडायला निघालेली नव्हती. मजुराच्या पोराला स्वतःच्या जिल्ह्यातला किल्ला, नदी, जंगल बघता यावं म्हणून निघाली होती. आपण त्यातली सॅक उचलली, खाट विसरलो. आपल्याकडेही युथ हॉस्टेलची संस्था आहे, पण तिचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातला ट्रेक येतो, भंडारा जिल्हा येत नाही.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे धर्मशाळा होत्याच की! होत्या, अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, वारीच्या वाटेवरची गावं आजही दिंड्यांना जेवू घालतात, हे सगळं खरं. पण धर्मशाळेच्या दारात पहिला प्रश्न काय विचारला जायचा, तेही आठवा. पंढरपुरात गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा का बांधावी लागली? बाकीच्यांची दारं ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी. त्यांच्यातही हिंमत होती, पायी पंढरपूर गाठण्याइतकी. खाट मात्र कोणीतरी मागून, झोळी फिरवून, विटा लावून उभी करावी लागली. रोमच्या त्या हॉस्टेलात मला नाव आणि पासपोर्ट विचारला, आडनावावरून पुढचं काही काढलं नाही. आपल्याकडे परगावी खोली मागताना अजूनही आडनाव सांगितल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

असो. आता मी घराकडे येतो. सिहोऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर एक जुनं नगर आहे, त्याचं नाव पवनी. जिल्हा आमचाच. तुमसर, भंडारा आणि पवनी, असा एसटीचा सरळ प्रवास. कोलोसियमचं उद्घाटन इसवी सन 80 चं. त्या वेळी पवनी काही शतकं जुनं झालेलं होतं. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी. मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा मोठा विटांचा स्तूप निघाला, त्याभोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब निघाले, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प आणि त्याखाली त्याचं नाव. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दान देणाऱ्यांची नावं निघाली. स्तूपाचा कठडा एखाद्या राजाने एकट्याने उभा केला नव्हता, एकेकाने एकेक तुकडा दिला आणि त्यावर नाव घातलं. वर्गणीतून झालेलं काम! आजही पवनीत तटाची भिंत आहे, दरवाजा आहे, खंदकाचं झालेलं बालसमुद्र तळं आहे, वैनगंगेचे घाट आहेत, सर्वतोभद्र गणपती आहे, कोशाचं कापड विणणारे आहेत. एवढ्या लहान जागेत एवढं असलेलं गाव मला तरी विदर्भात दुसरं माहीत नाही.

आमच्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या दहा पोरांना विचारलं. कोलोसियम फोटोत दहाच्या दहा जणांनी ओळखलं. पवनीचा स्तूप म्हटल्यावर एक जण म्हणाला, "तो रुयाळचा ना सर, जपानवाला?" म्हणजे महासमाधीभूमीचा नवा स्तूप. तोही बघण्यासारखाच आहे, पण जमिनीखालच्या दोन हजार वर्षांबद्दल बाकी सगळे गप्प. एकीने उलट मलाच विचारलं, "पण सर, पवनीले राहाचं कुठी?"

हा प्रश्न त्या हिंमतवाल्यांनी ऐकावा. पवनी सकाळी निघून संध्याकाळी परत, असं उरकायचं गाव नाही. आणि सिहोऱ्याहून दोन गाड्या बदलून दुपारी पोचलेल्या मुलीला संध्याकाळची शेवटची गाडी डोक्यात ठेवूनच हिंडावं लागतं. घाटावर बसायचं, सकाळी उठून तट चालायचा, कोष्ट्याच्या मागासमोर तासभर उभं राहायचं, याला रात्र लागते. तिथे विद्यार्थ्याला शे-दीडशे रुपयांत हक्काने पाठ टेकता येईल अशी सार्वजनिक खाट नाही. त्याच पवनीच्या नावाचं गेट उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला आहे. वाघ बघायला येणाऱ्यांसाठी जंगलाच्या कडेने रिसॉर्ट उभे राहिले, जिप्सी आल्या, गाईड आले. वाघाशी माझं भांडण नाही. पण वाघ बघणारा नागपुरातून, मुंबईतून स्वतःच्या गाडीने येतो आणि त्याच्यासाठी खोली तयार असते. आपला मुलूख बघायला एसटीने येणारीसाठी नाही.

इथे एका दुसऱ्या पंथालाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर ते उगाच माझ्या बाजूला येऊन बसतील. हे म्हणतात, कशाला हवं रोम, पवनीचा स्तूप सांचीपेक्षा मोठा आहे! सांचीचा व्यास साडेछत्तीस मीटर, पवनीचा अडतीस, हा आकडा यांना पाठ असतो. अहो, पण सांचीला गेलं तर स्तूप दिसतो. पवनीला टेकडी दिसते, देऊळ दिसतं, आणि उरलेलं 1972 च्या इंग्रजी अहवालात दिसतं. माझ्या एका फेरीत मी दुकानात पवनीवरची एखादी पुस्तिका मागितली, दुकानदाराने आरत्यांचा संग्रह पुढे केला. दीड मीटरची बढाई मारून काय मिळवलं आपण? रोमकडून शिकायचं नसेल तर निदान त्या नळाकडून तरी शिका. आणि माणसाने लांब जावंच. आपल्या भोकरदन आणि तेरच्या हस्तिदंती मूर्तींशी नातं सांगणारी एक बाई इसवी सन 79 च्या आधीच पॉम्पेईत जाऊन पोचली होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे, आणि तिच्याकडे तर पासपोर्टही नव्हता. जाण्याला माझा विरोध नाही. ज्याला घरच्या जिल्ह्यात हिंडू दिलं नाही त्याला "तू घरकोंबडा" म्हणण्याला आहे.

एका मित्राला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, "बाप्पा, सरकार खाटा कुठून आणणार? आधी रस्ते तर करू दे." हा आक्षेप मला मान्य नाही, कारण अर्धं काम झालेलं आहे. एसटी आहे. मार्च 2023 पासून बायका-मुलींना तिकीट अर्धं आहे. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. म्हणजे मुलीला पवनीपर्यंत न्यायची सोय राज्याने स्वतःच्या खिशातून केलेली आहे, फक्त तिथे उतरवल्यावर हात झटकले आहेत. आणि इमारतींचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळा उन्हाळ्यात दीड महिना रिकाम्या असतात, दिवाळीत रिकाम्या असतात. 2023 मध्ये तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं घाटत होतं. तेव्हा मी शाळा बंद करण्याच्या विरोधातच होतो, आजही आहे. पण रिकाम्या होणाऱ्या इमारतींचं काय करणार, यावर कोणाच्याही बोलण्यात शिरमान मास्तरांचा पेंढा आला नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. पोरगी एकटी शाळेत झोपेल का, आईबाप पाठवतील का? एकटी नाहीच झोपणार. रोममध्येही बायकांची खोली वेगळी होती, दारावर कुलूप होतं, रात्रभर एक माणूस टेबलाशी बसून होता. तो माणूस पगारी होता. अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, यांतल्या दोघींना रात्रपाळीचे पैसे द्या. फुकट नको, सेवाभाव नको, पैसे द्या. जेवण बचत गटाकडून घ्या. संडासाची सोय मात्र आधी करा, तिथे माझ्याकडे कोणताही युक्तिवाद नाही. आज शाळेतल्या पोरींना दिवसाच जे नीट मिळत नाही ते रात्रीच्या पाहुणीला कुठून मिळणार? आणि एकदा का पाहुणीसाठी ते नीट झालं, तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते काही कोणी उचलून नेणार नाही.

"येणार कोण?" हा तिसरा प्रश्न विचारणाऱ्याला मी आमच्याकडची नावं देऊ शकतो. तुमसर आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन बसलेली पोरं, ज्यांनी सातवाहन परीक्षेपुरते पाठ केलेत. चिखला-डोंगरीच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्यांची पोरं, जी आल्टेनाच्या पोरांची सख्खी भावंडं शोभतील. आणि पवनीची पोरं उलट दिशेने आमच्याकडे येतील. चांदपूरचा तलाव आहे, आंबागडचा किल्ला आहे. सिहोऱ्याच्या शाळेत वीस गाद्या टाकायच्या, एक रजिस्टर, एक कुलूप, पिण्याच्या पाण्याचा एक नळ. आठ खाटांच्या खोलीचा मला आता अनुभव आहे, घोरणाऱ्याला कडेची जागा द्यायची हे मी त्यांना सांगेन.